मास्तरांची पाठवणी

माझ्या वडिलांचा पुतळा बसवला ही बातमी भाच्याने फोनवर सांगितली, तेव्हा मी आधी विचारलं, “दगडाचा ना रे?” कारण वडिलांचं नावच दगडू. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून देवाच्या नजरेत भरू नये असं ओबडधोबड नाव आजीने ठेवलेलं. भाचा म्हणाला, “नाही आत्या, पंचधातूचा. खाली नाव पण घातलंय, क्लॅरोनेटसम्राट कै. दगडूजी मास्तर.” मला हसू आवरेना. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी ‘दगडूजी’ म्हणालं नव्हतं. बँडवाले मास्तर म्हणत, आम्ही मुलं दादा म्हणायचो, आणि आई रागात असली की नुसतं “अहो ऐकलं का” म्हणायची, ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पुतळ्याच्या उद्घाटनाला मला जाता आलं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. कोल्हापूरहून नाशिक काही जवळ नाही, आणि या वयात गुडघा म्हणेल तसं चालावं लागतं. पण गुडघा बरा व्हायच्या आतच मी मनाने तिथे जाऊन आले होते. जाता येता मला सगळं आमचं जुनं घरच दिसत होतं.

ते घर भद्रकालीच्या मागच्या गल्लीत होतं. वर दोन खोल्या आमच्या, आणि खाली रस्त्यालगत दादांच्या बँडची खोली. बँड कोणी म्हणत नसे, ‘पार्टी’ म्हणत. खोलीत भिंतीला खुंट्यांवर पितळी वाद्यं टांगलेली असत, आणि दोरीवर लाल कोट वाळत घातलेले. त्या कोटांना घामाचा, नॅप्थलीनचा आणि लग्नातल्या अत्तराचा असा एक मिळून वास होता, तो मला अजूनही एखाद्या जुन्या ट्रंकेत येतो आणि मी ट्रंक पुन्हा उघडून बघते. वाद्यं घासायला चिंच आणि राख लागायची. आई म्हणायची, “आमच्या घरात आमटीला चिंच नाही मिळत, भोंग्यांना मिळते.” आई नामपूरची. तिचा बोलण्याचा झटका माहेरचा होता, आणि दादा देवळ्याकडचे, फार खूश असले की “बरं शे”, म्हणजे बरं आहे, एवढंच म्हणत. त्यांचं बोलणं सगळं क्लॅरोनेटमधून व्हायचं, घरात आल्यावर त्यांच्याकडे शब्द शिल्लक राहत नसत.

सकाळी आम्हाला कोंबडा नाही, रशीदचाचा जागं करत. चाचा पार्टीत बिगुल वाजवत. ते येऊन खोली उघडत, तोंड धुतल्यासारखा बिगुल फुंकून मोकळा करत, आणि मग वर तोंड करून आईला हाक मारत, “भाभी, चहा मे आद्रक डालो, आज लय सर्दी हाय.” त्यांना बारा महिने सर्दी असायची. लग्नसराईत आमच्याकडे चूल पेटायची ती फक्त या चहापुरती. जेवण लग्नघरचंच यायचं. कोणाच्या डब्यात बुंदी, कोणाच्या डब्यात मसालेभात, आणि मठ्ठ्याची किटली. बुंदी खाऊन खाऊन आम्हाला इतका वीट यायचा की धाकटा भाऊ तिच्याने गोट्या खेळायचा. मग आषाढ लागला की लग्नं थांबायची आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. गंमत म्हणजे आम्हाला तेच दिवस आवडायचे, कारण तेव्हा दादा घरी असत. ते माळ्यावर बसून क्लॅरोनेटच्या तोंडाशी लागणारी बोरूची पत्ती घासत, उजेडात धरून बघत, पुन्हा घासत. त्यांच्या मांडीला टेकून बसायची जागा माझी होती आणि त्यावरून भावाशी माझ्या मारामाऱ्या होत.

आता मुद्द्याचं. दादांना नाशिकमध्ये सगळे ओळखत ते एका धुनेसाठी. ती कुठल्या सिनेमातली नव्हती. त्यांची आई जात्यावर काहीतरी गुणगुणायची, त्यातून त्यांनी ती बसवली होती. लग्न लागलं, जेवणं झाली, की शेवटी मुलीची पाठवणी. त्या वेळी दादा हात वर करत. ढोल थांबे, ताशा थांबे, खुळखुळेसुद्धा थांबत. दिवसभर त्या दणदणाटाची सवय झालेले कान एकदम उघडे पडत. आणि मग एकटा क्लॅरोनेट खालच्या पट्टीत सुरू होई, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने खाकरून बोलायला लागावं तसा. पुढे एक सूर ते लांबवत. मुलीची आई मुलीला सोडेपर्यंत तो सूर सोडायचा नाही, असा त्यांचा नियम. काही आया फार वेळ लावत. दादांचा चेहरा लाल व्हायचा, पण सूर कधी तुटला नाही. लोक त्या धुनेला ‘मास्तरांची पाठवणी’ म्हणायचे. पंचवटीपासून पेठेपर्यंतच्या मुलीकडच्या बायका सुपारी द्यायलाच येत ते हे विचारत, “ती वाजवणार ना मास्तर?” दादा वाजवताना नवरीकडे कधी बघत नसत. तिच्या चपलांकडे बघत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “तोंडाकडे पाह्यलं की ओठ सुटतो.” ओठ सुटला की क्लॅरोनेट चिरकतो.

ती धून घरात मात्र कधीच वाजली नाही. पाठवणीचं घरात वाजवलं की घरातलं माणूस जातं, असं बँडवाल्यांत मानतात. त्यामुळे मला ती ऐकायची तर परक्याच्या लग्नात, गर्दीच्या मागून, कोणाच्या तरी खांद्याआडून. पोटभर कधी मिळाली नाही. मी हट्ट धरायचे, “दादा, एकदाच. दार लावून घेते.” ते मान हलवायचे. “तुझ्या लग्नात वाजवीन. एकटीसाठी. मग म्हण थांबा म्हणून, तरी थांबायचो नाही.” पण हात बसायला हवा, मग सराव कसा करायचे ठाऊक आहे? दुपारी मी त्यांच्या शेजारी पालथी निजलेली असताना माझ्या पाठीवर. आवाज न करता, नुसत्या बोटांनी. मला वाटायचं ते मला थोपटतायत. पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं की ते थोपटणं नव्हतं, ती धून होती. मग मला ती बोटं वाचता यायला लागली. डावं मधलं बोट दाबून धरलं की समजायचं, आई मुलीला सोडत नाहीये.

माझं लग्न ठरलं ते चांगल्या घरी. मामंजी कोल्हापूरला शाळेत हेडमास्तर होते. घर शिकलेलं, माणसं सभ्य. साखरपुड्याला येऊन त्यांनी आमच्या त्या खोलीकडे एकदा नीट पाहिलं, लाल कोटांखालून वाकून वर आले, आणि चहा झाल्यावर पानाचा विडा बाजूला ठेवून म्हणाले, “मास्तर, बाकी आमचं काही मागणं नाही. एकच विनंती आहे. लग्नाच्या दिवशी तुम्ही वाजवू नये.”

दादा म्हणाले, “मी?”

“आमचे पाहुणे येणार. तुम्ही व्याही. व्याह्याने वाद्य घेऊन पुढे चालायचं आणि आम्ही मागून, हे काही बरं दिसत नाही. तुम्ही मांडवात मानाने उभे राहा. एवढंच.”

मामंजी हे रागाने बोलले नाहीत. खरंच मानाने म्हणाले, आणि त्यातच सगळी गोम होती, कारण मानाला नाही कसं म्हणायचं? दारामागे मी उभी होते. आईच्या हातातलं पोह्यांचं ताट तसंच राहिलं. दादांनी जरा वेळ आपल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं. शब्द दिला.”

पाहुणे गेल्यावर आईने भांडी अशी आपटली की रशीदचाचा वर बघायला आले. “अख्ख्या नाशिकच्या पोरी यांनी वाटंला लावल्या, आणि आपल्या पोरीच्या टायमाला मुकं बसायचं? दिव्याखाली अंधार म्हणत्यात तो हाच,” ती म्हणाली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “मास्तर नहीं बजाएंगे तो पार्टी भी नहीं बजाएगी. आम्ही पण वऱ्हाडी.” मी दादांना जिन्यात गाठलं. मला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त. “तुम्ही म्हणाला होतात,” मी म्हटलं. दादा पायरीवर बसले. “म्हणलो व्हतो. पण शकू, व्याह्याचं येक खरं हाय. बापच वाजवाया लागला तर पोरीला धरंल कोण? इतकी लग्नं केली, ह्याचा इचार मी कधी केलाच नाही.” पण त्या वयात मला धरायला कोणी नको होतं, मला ती धून हवी होती.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, पण बँडवाल्याच्या मुलीचं लग्न पाहिलं नसेल तर काहीच पाहिलं नाही. आमच्या पार्टीने वाजवायचं नाही म्हटल्यावर मालेगावकडची एक पार्टी सुपारी न घेता आपणहून आली. मास्तरांच्या मुलीचं लग्न म्हणून. बिचाऱ्यांचा क्लॅरोनेटवाला दादांना समोर बघून इतका घाबरला की सुरुवातीलाच चिरकला. आमची पार्टी सगळी पांढरे सदरे घालून ओळीने बसली होती, त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. चाचा पाणी वाटत फिरत होते. दादांनी भाड्याचा कोट आणि फेटा घातला होता. मी लाल कोटाशिवाय त्यांना लग्नात कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे अंतरपाटाच्या कडेने ते मला दुसरेच कोणी वाटले.

पाठवणीच्या वेळी मालेगावच्या पार्टीने तीच धून घेतली. त्यांना वाटलं मास्तरांचा मान राखावा. पण ढोल थांबवायचं त्यांना ठाऊक नव्हतं. ढोलाच्या धबधब्यात ती धून कुठेतरी वाहून चालली होती. आईने मला सोडलं आणि दादा पुढे आले. नजर चपलांकडे ठेवायची सवय, पण आज हातात वाद्य नव्हतं, त्यामुळे त्यांना माझ्या तोंडाकडे बघावं लागलं. त्यांचा ओठ सुटला. मी त्यांच्या छातीशी डोकं ठेवलं, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवले, आणि शालूच्या जरीवरून त्यांची बोटं चालायला लागली. मालेगावकरांच्या लयीत नाही, त्यांच्या स्वतःच्या. सुरुवातीची खालची पट्टी, मग चढण, मग डावं मधलं बोट दाबलेलं. ते दाबलेलंच राहिलं. मामंजी मागे उभे होते, त्यांना वाटलं बाप मुलीला थोपटतोय. दादांनी दिलेला शब्द अक्षरशः पाळला, आणि मला दिलेलाही. पण कानांना काहीच मिळालं नाही. माझी पाठ तेवढी भरली, कान उपाशी राहिले, आणि ती भूक मी सासरी घेऊन गेले.

सासर चांगलं होतं हे मी पुन्हा सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की छळ झाला. फक्त कोणी विचारलं की “सूनबाईंचे वडील काय करतात”, तर मी तोंड उघडायच्या आत मामंजी सांगत, “त्यांचा वाद्यांचा व्यवसाय आहे.” ऐकणाऱ्याला वाटे हार्मोनियमचं दुकान असेल. पुढे दादांचे दात गेले. दात गेले की क्लॅरोनेट गेला, त्याला कवळी चालत नाही. मग दादाही गेले. त्यांच्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण कोणाकडे असेल म्हणून भाच्याने पुष्कळ शोध घेतला. एका घरी जुन्या लग्नाची टेप निघाली. त्यात पाठवणीच्या वेळी कोणीतरी लाऊडस्पीकरवरून सांगतोय की राहिलेल्या मंडळींनी जेवून घ्यावं, आणि त्याच्या मागे, फार लांब, मुंगीएवढा एक सूर आहे. मी ती टेप ऐकून ऐकून त्या माणसाला शिव्या दिल्यात. कोण होता कोण जाणे.

तर मागच्या मार्गशीर्षात मी एकदाची नाशिकला गेले आणि भाच्याला कामावर पाठवून एकटीच रिक्षाने पुतळा बघायला निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी टांगे उभे राहत, त्या जागी आता कठडा घातलाय आणि मध्ये उंच चौथऱ्यावर दादा. पाहिल्याबरोबर मला आईची आठवण झाली, ती पोट धरून हसली असती. मूर्तिकाराने दादांचे गाल फुगवलेत. तोंडात लाडू कोंबलेल्या मुलासारखे. दादांचा सगळा अभिमान त्यात होता की गाल फुगत नाहीत, “गाल फुगवतो तो कच्चा,” म्हणायचे. उंचीही वीतभर वाढवली आहे. पण फेट्याचा शेमला त्यांच्यासारखाच डाव्या खांद्यावर होता, कोणी सांगितलं असेल? मी चौथऱ्याला हात लावून उभी राहिले. हात त्यांच्या बुटांपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. तिथे उभं राहून मला एकदम फार एकटं वाटलं. इतक्या लांबून आले ती काय ह्या फुगलेल्या गालांसाठी, असं वाटलं.

तेवढ्यात नवरदेवाची मिरवणूक आली. पुढे बँड, मागे घोडा, त्यामागे नाचणारी पोरं. चौकात आल्यावर बँड बंद झाला. सगळा. क्लॅरोनेटवाला पुढे आला, वाद्य चौथऱ्याला टेकवलं, ते कपाळाला लावलं. पन्नाशीचा असेल. नाचणारी पोरं कुरकुरत थांबली होती. मी त्याला विचारलं, “अहो, इथे वाजवत नाही का?”

“मास्तरांसमोर कसं वाजवायचं, मावशी? आम्ही सगळे इथं थांबतो. रीतच पडलीय.”

“त्यांची ती पाठवणी येते तुम्हाला?”

“येते म्हंजे, तिच्यावरच तर सुपारी मिळती.”

“मग तेवढी वाजवा ना. थोडीशी.”

तो माझ्याकडे बघून हसला. “मावशी, नवरदेव घोड्यावर हाय. आत्ता पाठवणीचं वाजवलं तर हे लोक आमची पाठवणी करतील. तुम्ही असं करा, दुपारी गंगापूर रोडच्या लॉन्सवर या. तिथं वाजवायचंच हाय.” त्याने लॉन्सचं नाव सांगितलं आणि तो गेला. चौक ओलांडल्यावर ढोल पुन्हा सुरू झाला.

आता सांगायला लाज वाटत नाही, मी गेले. न बोलावता, न ओळखता, भाच्याला न कळवता. वाटेत रिक्षा थांबवून साडीचा पदर नीट केला, एवढंच. दारात एका मुलीने हाताला अत्तर लावलं आणि पेढा दिला. कोणीही काही विचारलं नाही, पांढरे केस आणि चांगली साडी असली की बाई कुठल्याही लग्नात खपते. मागच्या रांगेत एका खुर्चीवर मी बसून राहिले. मंगलाष्टकं झाली, जेवणाची गडबड झाली, फोटो चालले ते संपता संपेनात. मला जेवायला उठवत नव्हतं. उठले आणि तेवढ्यात वाजवलं तर?

उन्हं कलली तेव्हा नवरी निघाली. डीजेवाल्याने आपलं यंत्र बंद केलं आणि बँडला हाक गेली. तो क्लॅरोनेटवाला आला, गर्दीत त्याने मला बघितलं, मान हलवली आणि हात वर केला. ढोल थांबला. ताशा थांबला. हात वर करायची ती तऱ्हा दादांची होती, आणि ती ह्या माणसाला कोणी शिकवली होती ते त्यालाही ठाऊक नसेल. मग त्याने खालच्या पट्टीत सुरुवात केली. पुष्कळ चुकत होतं. मध्ये त्याने स्वतःची एक हरकत घातली होती, चढण जरा घाईने चढला. पण नवरीच्या आईने मुलीला कवटाळलं आणि त्याने तो लांब सूर धरला, तेव्हा ते तेच होतं. मी ते पोटभर ऐकलं. समोर कोणाचा खांदा नव्हता, लाऊडस्पीकर नव्हता. पाठीवर हात मात्र नव्हता, आणि तो एकदा ठेवायला दादा आले असते तर ही सगळी धून मी परत दिली असती. मी रडले, नवरीच्या आईपेक्षा जास्त रडले असेन. नवरी एकेका वडीलधाऱ्या बाईच्या पाया पडत येत होती, ती माझ्याही पाया पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ राहू दिला.

गाडी गेली. माणसं पांगायला लागली. नवरीची आत्या असावी, ती डोळे पुसत माझ्याजवळ आली, मला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. “फार लागलं का हो मनाला? आणि राग नका मानू, मी ओळखलं नाही. तुम्ही आमच्याकडच्या की मुलाकडच्या?”

पलीकडे पार्टीची माणसं लाल कोटांची बटणं काढत जेवणाच्या टेबलाकडे चालली होती.

“मी बँडवाल्यांकडची,” मी म्हटलं.